सुगरण पतसंस्थेचे एक्केचाळीस नवरे

महाळुंगे पडवळ
१८ नोव्हेंबर २००३

मंगलाबाई,

तर पहिला आला तो शिपाई, आणि तोही प्यायला पाणी मागत, म्हणून कोणाला काही शंका आली नाही. त्याच्या मागून जीप. जीपमधून एक साहेब उतरले आणि साहेबांच्या मागून एक बाई, काखेत फायली. मी ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मला वाटलं पोलिओचे डोसवाले. म्हणलं, "आमच्यात पाच वर्षांखालचं कुणी न्हाई, पुढच्या आळीला जावा." तर साहेब म्हणतात, "आजी, आम्हाला पतसंस्थेच्या चेअरमन पाहिजेत." म्हणलं, "मंग बसा. हात धुऊन येते."

अगं, काय तोंड झालं त्याचं! नीट पाहून घेतलं मला, वरपासून खालपर्यंत. मी आपली कमरेची किल्ली काढली, पुढची खोली उघडली, खुर्चीवरची मांजर उठवली आणि बसले. वर पाटी आहेच की, सुगरण महिला ग्रामीण सहकारी पतसंस्था. तू जुन्नरला गेलीस त्यानंतर रंग दिला तिला, हिरवा. तुझ्या दुकानामागच्या खोलीत आपण दहा जणी भिशी लावायचो, त्याचं एवढं मोठं होईल असं वाटलं होतं का? आता दोनशे बारा बाया आहेत. माझी नात हर्षाली क्लार्क आहे, बारावी पास, अक्षर मोत्यासारखं.

साहेब घोडेगावच्या सहकार खात्याच्या हापिसातले ऑडिटर. म्हणाले, अनेक ठिकाणी पतसंस्था बुडताहेत, कागदावर खोटे सभासद दाखवतात, म्हणून आता प्रत्येक सभासद खरा की बोगस ते मतदार यादीशी ताडून बघायचं. म्हणलं, बघा. आमच्या सगळ्या बाया खऱ्या आहेत, हाक मारली तर ओ देतील.

त्यांनी तीन तास दप्तर बघितलं. मी पिठलं-भाकरी वाढली, ते नको नको म्हणत दोन भाकरी जेवले. जाताना म्हणाले, "आजी, हिशोब चोख आहे. पण एक्केचाळीस बायांचे नवरे चुकलेत."

म्हणलं, "चुकलेत म्हंजी? कुठं गेले?"

तर काही नाही गं, सभासद नोंदवहीत नवऱ्याची नावं वेगळी पडलीत. चिमाजी मास्तरांचं काम आहे ते. आठवतात ना, शिनोलीचे, रिटायर होऊन लेकीकडे इथं राहायला आले, आणि संस्था काढली तेव्हा आपण त्यांनाच वही लिहायला बसवलं? बाया काही नवऱ्याचं नाव तोंडाने सांगणार नाहीत. खुणेनं सांगायच्या आणि मास्तर ओळखायचे. "कळलं, कळलं" म्हणायचे आणि लिहायचे. कोंडाबाईनं सांगितलं, "वाटंत पडल्यालं आसतं, ठेच लागती." मास्तरांनी लिहिलं, धोंडीबा. आता तिचा नवरा दगडू!

मी तर पदर तोंडाला लावून इतकी हसले की साहेबांना वाटलं मला ठसका लागला. चौदा डिसेंबरपर्यंत दुरुस्त करा म्हणाले. होईल की. काळजीचं काही नाही. यंदा लसूण चांगला आलाय, कोणी येणारं असलं तर पाठवते. पीयूषचं लग्न ठरलं ते हर्षालीकडून कळलं. घेवरशेठना जय जिनेंद्र सांग.

तुझी
बयाक्का

*

जुन्नर
२२ नोव्हेंबर २००३

ती. बयाक्कांना मंगलाचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही हसलात ते वाचलं, पण इकडे ह्यांना वाचून दाखवलं तर हे हसले नाहीत. आमच्या पेठेतल्या व्यापारी पतसंस्थेत हे संचालक आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. हे म्हणतात, "बयाक्का ज्याला गंमत समजतायत ती नोटीस आहे." मतदार यादीत दगडू आणि दप्तरात धोंडीबा, तर ही तीच बाई कशावरून? एक्केचाळीस नावं खोटी धरून कमी केली की संस्था लहान पडते. आणि लहान संस्था मोठीत विलीन करून टाकायची, असं सध्या साहेब लोकांच्या फार मनात आहे. तुमच्या गावात मोठी संस्था कोणती? तुमच्या दिरांचीच ना?

तर ह्यांचा सल्ला असा, की प्रत्येक बाईचं स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घ्या, घोडेगावला वकील असतात. एक दिवसाचं काम आहे.

आणि साहेबांना पिठलं कशाला वाढलंत? निदान शिरा तरी करायचा. हे म्हणतात काहीच वाढायला नको होतं, तपासणीच्या माणसाला खाऊ घातलं की त्याला संशय येतो.

एक्केचाळीस जणी कोण कोण ते तुम्ही लिहिलं नाहीत. कोंडाबाई एक झाली. बाकीच्या? तुम्ही पत्रात कोथिंबिरीच्या जुडीचा भावसुद्धा लिहिता, आणि एवढं मात्र गाळलंत, म्हणून विचारते.

पीयूषचं लग्न अकरा डिसेंबरला. मुलगी सिद्धी, राजस्थानात पालीकडची आहे, मराठी अजून अडखळत बोलते. शेजारच्या बाया आत्तापासून म्हणतात, उंबऱ्यावर उखाणा घेतल्याशिवाय आत सोडायची नाही. तिला रोज एक शिकवते. नाहीतर एरवी आपण तरी नाव कुठे घेतो?

तुमची
मंगला

*

महाळुंगे पडवळ
२८ नोव्हेंबर २००३

मंगलाबाई,

तुझ्या शेठच्या सल्ल्याने गेलो बाई घोडेगावला. सतरा जणी, एसटीच्या मागच्या सगळ्या सीटा आमच्या. प्रयागबाईनं येताना शेंगा आणल्या होत्या, तोपर्यंत सगळं छान चाललं होतं.

वकील चांगला होता बिचारा. कोंडाबाई पुढे झाली. वकील म्हणाला, "बाई, पतीचं नाव सांगा." कोंडाबाईनं पदर ओढला आणि म्हणाली, "वाटंत पडल्यालं आसतं."

"काय पडलेलं असतं?"

"ठेच लागती."

वकिलानं पेन ठेवलं. मी मागून म्हणलं, "आवो, दगडू लिवा." तर तो म्हणतो, तुम्ही सांगून चालत नाही, जिचं प्रतिज्ञापत्र तिनेच सांगायला पाहिजे, शपथेवर. आता शपथेवर कोण सांगेल? उलट शपथ म्हटल्यावर जास्तच भीती. दुसरी आली, तिनं सांगितलं, "दागिन्यातलं हाये." तिसरीनं नुसतं बोट दाखवलं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या मारुतीकडे. वकील म्हणाला, "मला वेळ आहे, पण एवढा नाही." आलो परत. शेंगा मात्र संपल्या.

आता प्रयागबाईची गंमत ऐक. तिच्या नवऱ्याचं नाव मुरलीधर. तिनं त्या वेळी सांगितलं होतं, "गोकुळातला." मास्तरांनी लिहिलं किसन. सात वर्षं ती वहीत प्रयागबाई किसन म्हणून नांदतेय! आणि आमच्या आळीत किसन एकच, गिरणीवाला. हे मुरलीधरला कळलं. तो दोन दिवस जेवला नाही. म्हणतो, "ह्या किसनाचा काय संबंध?" आणि गिरणीवाला किसन एवढा खूश की त्यानं प्रयागबाईचं दळण तिच्या आधीच्या तिघींना सोडून पहिलं काढलं. त्यावरून आणखी भांडण.

मास्तरांना मी विचारायला गेले. ते म्हणतात, "कृष्णाची एकशेआठ नावं मला पाठ आहेत, मी चुकलो नाही, देव एकच आहे." आता ह्यांना काय बोलावं?

बाकी तू म्हणालीस ते खरं निघालं. हौशीराम भावजींनी चावडीवर सगळ्यांसमोर म्हणलं, "ज्यांना नवऱ्याचं नाव सांगता येईना त्या निघाल्या पतसंस्था चालवायला!" लोक लई हसले. आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, कागद घेऊनच. विलीनीकरणाचा ठराव, टाइप करून तयार. म्हणतात, "वैनी, कशाला डोक्याला ताप? आमच्यात या. तुमाला संचालक करतो."

मी म्हणलं, "भावजी, तुमच्यात बाईला कर्ज घ्यायचं तर काय लागतं?"

म्हणाले, "काय न्हाई, नवऱ्याची सही."

बघ आता. प्रयागबाईची म्हैस, कोंडाबाईच्या पोरीची नर्सिंगची फी, त्या आहुप्याहून आलेल्या सुनेची शिलाई मशीन, ह्यातलं एक तरी नवऱ्याला विचारून झालं असतं का? मुरलीधरला विचारलं असतं तर म्हणाला असता, म्हैस कशाला, दूध मिळतं की डेअरीत. आपण संस्था काढली ती ह्याच्यासाठीच. मी कागद भावजींना परत दिला आणि चहा पण दिला नाही. बिनसाखरेचा पितात ते, तोसुद्धा नाही.

साहेबांना हर्षालीनं एसटीडीवरून फोन लावला. ते म्हणाले, प्रतिज्ञापत्र नको, मी अकरा तारखेला गुरुवारी स्वतः येतो. प्रत्येक बाईनं माझ्यासमोर नाव सांगायचं, सही-अंगठा करायचा. जी सांगणार नाही तिचं नाव कमी. दुसऱ्यानं सांगितलेलं चालणार नाही.

आता तुला एक सांगायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे मी सांगितलं नाही. त्या एक्केचाळिसात मी पण आहे. मी मास्तरांना म्हणलं होतं, "जेजुरीचा देव." त्यांनी लिहिलं खंडू. आमच्या घरधन्याचं नाव खंडू नाही, तुला माहीत आहे. चेअरमनचाच नवरा चुकलेला! त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, आता लाजायचं कोणाला, असं हर्षाली म्हणते. ओसरीवर एकटीनं म्हणून बघितलं. ओठ हलतात, आवाज येत नाही. लिहून देऊ म्हणलं, तर हात थांबतो. लिहिणं म्हणजे तरी काय, हातानं बोलणंच.

आणि दुसरं. रागावू नकोस. त्या एक्केचाळिसात तू पण आहेस. तू मास्तरांना सांगितलं होतंस, "आमच्या मारवाडात तीजेला करतात ती मिठाई." मास्तर बिचारे मारवाडात कधी गेलेत? त्यांनी लिहिलं, मंगलाबाई मिश्रीमल.

बयाक्का

*

जुन्नर
३ डिसेंबर २००३

ती. बयाक्कांना सा. न.

मिश्रीमल! माझ्या सख्ख्या चुलत सासऱ्यांचं नाव मिश्रीमल होतं! सात वर्षं मी वहीत त्यांची बायको आहे आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?

हे इतके हसले की गल्ल्यावरून उठून आत यावं लागलं. गिऱ्हाईक बाहेर उभं. आता येता-जाता विचारतात, "मिश्रीमलजींची चहाची वेळ झाली का?" पीयूषसुद्धा. लग्नघर आहे, पाहुणे भरलेत, आणि सगळ्यांना कळलंय.

राग गेल्यावर मी विचार केला. माझे शेअर तिथे आहेत ते मी काढणार नाही. जुन्नरच्या संस्थेत ह्यांच्या नावाने सगळं आहे. सुगरणमध्ये जे आहे ते माझं एकटीचं. ते तुमच्या दिरांच्या कपाटात जाऊ देणार नाही.

आता नीट वाचा. काल सिद्धीला उखाणा शिकवत होते. तिनं मला विचारलं, "माँजी, ऐसे नाम नहीं लेते, मग उखाण्यात कसं घेतात?" मी म्हटलं, अगं, उखाण्यात चालतं. आणि म्हणता म्हणता थांबलेच. बयाक्का, उखाण्यात चालतं! आजवर एक तरी बाई उखाण्याला अडली का? कोंडाबाई तर एकातून सुटली की दुसरा सुरू करते, आवरावं लागतं.

साहेब गुरुवारी येतायत ना? मार्गशीर्षातला गुरुवार आहे. हळदीकुंकू ठेवा. साहेबांना कोपऱ्यात टेबल द्या, वही द्या, आणि बायांना नाव घ्यायला लावा.

मला येता येत नाही, त्याच दिवशी लग्न. म्हणून माझा खाली लिहिते. तुम्ही म्हणालात तसा माझाही हात थांबला होता. दाराला कडी लावून लिहिलाय. पत्र साहेबांना द्या, पण आधी ह्या ओळी तुम्ही वाचा, दुसऱ्या कोणाला नको.

जुन्नरच्या पेठेत तराजूला तागडी,
घेवरचंदांच्या जागेवरून काढा मिश्रीची खडी.

तुमची
मंगला

ता. क. ह्या वेळी शिरा करा.

*

महाळुंगे पडवळ
१२ डिसेंबर २००३

मंगलाबाई,

नव्या सुनेचा उंबरा ओलांडून झाला का? काय नाव घेतलं तिनं ते सविस्तर लिही. आता माझं ऐक, मी काल रात्री झोपलेच नाही, आनंदानं.

खोलीत बाया मावेनात, म्हणून मंडप घातला अंगणात. साहेब आले, ती फायलीवाली बाई आली, शिपाई आला, आणि कोणी न बोलावता हौशीराम भावजी आले. ठरावाचा कागद वर खिशात, दिसेल असा. सोबत त्यांच्या पतसंस्थेची लाल नोंदवही, कापडात बांधून. म्हणाले, "सायेब, विलीन करायचं म्हंजी दोन्ही दप्तरं समोर पायजेत, म्हून मीच आणलं." आणि माझ्याकडे बघून, "बसू का वैनी?" म्हणलं, "बसा की. कुंकू लावायचं का?"

साहेबांना उखाण्याचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "आजी, नियमात असं कुठे नाही." मग ती फायलीवाली बाई पुढे झाली. म्हणाली, "सर, नाव स्वतः सांगितलं पाहिजे एवढंच आहे नियमात. गद्यात की पद्यात, लिहिलेलं नाही." अगं, मी तिच्या ताटात मुद्दाम दोन वाट्या शिरा वाढला नंतर.

चेअरमन म्हणून पहिली मी. हळदीकुंकवाला मी एरवी मागे बसते, तुला माहीत आहे. काल पुढे उभी राहिले. हर्षालीनं पाठीवर हात ठेवला. डोळे मिटले आणि म्हणलं,

जेजुरीचा भंडारा उधळला वाऱ्यावर,
मल्हाररावांचं नाव घेते साहेबांच्या दप्तरावर.

बाया ओरडल्या, टाळ्या झाल्या. साहेबांनी खंडू खोडलं, मल्हार लिहिलं, म्हणाले, "सही करा." मी सही केली, आणि पुन्हा एकदा नाव घेतलं. साहेब म्हणाले, "आजी, एकदाच पुरे." म्हणलं, "ते तुमच्यासाठी व्हतं. हे माझ्यासाठी." चव येते गं तोंडाला! उगीच पन्नास वर्षं उपाशी ठेवलं.

मग काय, बांधच फुटला. कोंडाबाई आली,

बटाट्याच्या वावराला पाण्याची पाळी,
दगडूरावांचं नाव घेते ऑडिटच्या वेळी.

साहेब म्हणाले, "झालं, बसा." ती कसली बसते! आणखी दोन घेतले तिनं. साहेब वहीत लिहून थकले. प्रयागबाईचा मुरलीधर कुंपणापाशी उभा होता, हाताची घडी घालून. तिनं त्याच्याकडे बघून असं ठणकावून नाव घेतलं की गिरणीपर्यंत ऐकू जावं. मुरलीधर लाजून लालेलाल, घरी गेला, आणि हर्षाली म्हणते की जेवला म्हणे. चिमाजी मास्तर पण आले होते. प्रत्येक नावाला मान हलवत होते, "मी म्हणतच होतो, ह्याच अर्थाचं लिहिलंय."

चाळीस झाल्या. एक्केचाळिसावी तू. मी ते पत्र आधी वाचलं तुझ्या सांगण्याप्रमाणे, आणि मग साहेबांना दिलं. ते मनात वाचायचं सोडून मोठ्यानं वाचायला लागले. मी काय करणार? सगळ्या मंडपाला आवडलं. "स्वतःच्या हातानं लिहिलंय, खाली नाव आहे, चालेल," म्हणाले, आणि पत्र वहीला चिकटवलं, शिक्का मारला. मंगलाबाई घेवरचंद, खरी सभासद. आता कोणी मिश्रीमल म्हणालं तर घोडेगावच्या शिक्क्याचा पुरावा दाखव.

साहेबांनी वही मिटली आणि म्हणाले, "दोनशे बारापैकी दोनशे बारा. ह्या संस्थेला विलीन करण्याचं कारण उरलेलं नाही."

मला वाटलं संपलं. पण भावजींची लाल वही समोरच होती, त्यांनीच आणलेली. साहेब म्हणाले, "आता आणलीच आहे तर बघून टाकू." त्यांनी मधलं पान उघडलं. मग पुढचं. मग मागचं. त्या फायलीवाल्या बाईंना जवळ बोलावलं. दोघं एकाच रकान्यावरून बोट फिरवताहेत.

साहेब म्हणाले, "अध्यक्षसाहेब, हे वारसदाराच्या रकान्यात काय आहे? 'मंडळी'. खाली 'मंडळी'. 'घरातली'. 'बाळूची आई'. परत 'मंडळी'. खातेदार मयत झाला तर पैसे द्यायचे कोणाला? मंडळी म्हणजे कोण?"

भावजी म्हणाले, "आवो सायेब, समद्या गावाला म्हायती हाये कोण ते."

"गावाला असेल. दप्तराला नाही. हे पहिलं खातं तुमचंच दिसतंय. वारस, मंडळी. नाव सांगा, आत्ता लिहून घेतो."

मंगलाबाई, माझी जाऊ ठकूबाई तिथंच बसली होती, हातात शिऱ्याची वाटी. भावजींनी तिच्याकडे बघितलं. टोपी काढली, परत घातली. घसा खाकरला. "आमच्या... आपल्या त्या..." कान असे लाल झाले की वहीचं कापड फिकं पडावं. आणि ठकूबाई, जी त्यांच्यासमोर आजवर मान वर करून बोलली नाही, ती काय म्हणाली माहीत आहे?

"सांगा की! एक्केचाळीस बायांनी सांगितलं."

असा हशा पिकला की शिपायाच्या हातातला चहा सांडला. भावजींनी ठरावाचा कागद खिशात आत ढकलला, पार खाली. साहेबांनी त्यांच्या वहीतली 'मंडळी' मोजली, तीनशे सव्वीस. म्हणाले, सगळे गडी हजर पाहिजेत, प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं बायकोचं नाव सांगायचं. भावजींनी विचारलं, "आन जमलं न्हाई तर?" फायलीवाली बाई म्हणाली, "उखाणा चालेल."

आज सकाळपासून गावात गडीमाणसं गोठ्यात, विहिरीवर, पाठमोरी उभी राहून काहीतरी पुटपुटताहेत. दगडू कोंडाबाईकडे शिकायला बसलाय. भावजींनी चिमाजी मास्तरांना बोलावणं धाडलंय. ठकूबाईनं नवं लुगडं काढून ठेवलंय आणि म्हणते मी पहिल्या रांगेत बसणार. तू लग्नाचं आवरून मंगळवारच्या एसटीनं ये, घेवरशेठना पण आण. साहेब येणार आहेत बुधवारी, सतरा तारखेला, सकाळी अकराला, बाप्यांच्या पतसंस्थेत.

तुझी
बयाक्का